चढावरचे तीन किलोमीटर

दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला म्हणजे माणूस खोटा ठरतो, हे लहान पोरालाही कळते. पण स्वतःशीच केलेला, कोणाच्याही कानावर न गेलेला निश्चय मोडला तर? तिथे फसविणारा कोण आणि फसलेला कोण? गेले वर्षभर हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. एरवी असल्या प्रश्नांत शिरावे एवढे माझे शिक्षण नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आडगावी पोरांना मराठी शिकविणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. कादंबरीतल्या पात्राने खोटे बोलावे, त्याला त्याचा पश्चात्ताप व्हावा आणि शेवटच्या प्रकरणात त्याने सारे कबूल करून मोकळे व्हावे, अशी व्यवस्था मी अनेकदा केलेली आहे. स्वतःच्या बाबतीत ते प्रकरण लिहायला वर्ष लागले.

गोरेगाव म्हटले की लोकांना मुंबईचे गोरेगाव आठवते. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. सोयाबीन, तूर, हळद यांचा हा मुलूख. पाणी म्हणजे आमच्याकडे विहिरीचे, बोअरचे, फार तर पावसाळ्यात कयाधूला आलेले. समुद्र मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाहिलेला नव्हता. 'अथांग सागर' हे शब्द मात्र मी मुलांकडून शेकडो निबंधांत लिहवून घेतले होते. याची मला एके दिवशी फारच लाज वाटली, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणचा किनारा सायकलीने पाहावयाचा असे मी ठरविले.

सायकलीनेच का, हे मला तेव्हाही नीट सांगता आले नसते. पत्नीने विचारले, "एस.टी. बंद पडल्यात का?" मी म्हणालो, "नुसते बघून येतो." त्याहून अधिक मी कोणालाही काही सांगितले नाही. मनाशी मात्र पक्का नियम बांधला. माझीच जुनी, काळी, बिनगिअरची बावीस इंची सायकल घ्यावयाची. रेवस बंदरावर उतरल्यापासून पंढरपूरच्या वाळवंटाला चाक लागेपर्यंत कोणत्याही वाहनात बसावयाचे नाही. खाडी आडवी आली तर बोट चालेल, कारण पाण्यावर सायकल चालत नाही. या शेवटच्या कलमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट सोडून सावित्रीच्या खाडीला वळसा घालायचा तर कितीतरी किलोमीटरचे रान तुडवावे लागले असते. ते मी नियम करतानाच माफ करून टाकले होते. आपणच कायदे करणारे आणि आपणच ते पाळणारे असलो म्हणजे कायद्याला सुरुवातीपासूनच थोडी ढील असते.

हिंगोलीहून रेल्वेच्या सामानाच्या डब्यात सायकल टाकून मुंबईला गेलो, भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडली आणि रेवसला उतरलो. तिथून अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड. किनारा म्हणजे सपाट, अशी माझी घाटावरची भाबडी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी गेली. कोकणात एक खाडी, मग चढ, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, मग जीव मुठीत धरून उतार, खाली माडा-पोफळीत दडलेले एखादे गाव, आणि पुन्हा खाडी. हाच क्रम दक्षिणेकडे जाताना संपत नाही. सह्याद्रीच्या या उतारावरचे सारे पाणी पश्चिमेला धावत सुटते आणि समुद्राला मिळताना जमीन चिरून जाते. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी ही नकाशावर पाठ केलेली नावे पायांच्या पोटऱ्यांनी मला पुन्हा शिकविली. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री बाणकोटला किती रुंद होते, हे वर्गात मी कितीदा सांगितले असेल. बोटीच्या कठड्याला सायकल टेकवून उभा राहिलो तेव्हा आपण सांगत होतो ते खरेच होते, याचे मलाच नवल वाटले.

आगरदांड्याहून दिघीला बोटीने गेलो. दिवेआगरच्या पुढे शेखाडीवरून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की लाटेचा शिडकावा चेनवर यावा. केळशी, आंजर्ले, हर्णै झाले. दापोलीला मुद्दाम एक दिवस राहिलो. पालगडचे साने गुरुजी इथे शाळेत शिकायला होते. 'श्यामची आई' वाचून रडलेल्या प्रत्येक मास्तराने दापोली पाहावी, असे मला वाटते. दाभोळला वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, मग गुहागर, आणि तिथून समुद्राकडे पाठ करून चिपळूण. आठ दिवसांत मी एकदाही नियम मोडला नव्हता. मोडावा असा प्रसंगच आला नव्हता म्हणा ना.

तो आला कुंभार्ली घाटात.

चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा हा रस्ता पोफळीपर्यंत माणसाशी बरा वागतो. पुढे तो एकदम अंगावर येतो. पहिली काही वळणे मी सीटवरून उठून पायडल मारीत काढली. मग उतरून सायकल ढकलू लागलो. ढकलणे नियमात बसत होते. दुपारचे दोन वाजलेले, पाठीमागे कोकण निळसर धुक्यात बुडालेले, वरून येणारे ट्रक ब्रेकचा जळका वास सोडीत जात होते. बाटलीतले पाणी संपले होते आणि उजवा गुडघा असा काही दुखत होता की पाऊल टाकताना मी मोठ्याने आकडे मोजीत होतो. मुलांना पाढे म्हणायला लावतो तसे.

तेवढ्यात मागून एक टेम्पो आला आणि थांबला. मागे मासळीच्या रिकाम्या पेट्या. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. त्याने काहीही विचारले नाही. नुसता खाली उतरला, माझ्या हातातून सायकल घेतली, पेट्यांवर आडवी टाकली आणि म्हणाला, "बसा काका."

मी बसलो.

मी 'नको' म्हणालो नाही. 'पुढच्या वळणापर्यंतच' असे मनात म्हणालो. ते वळण गेले. मग 'गुडघा थांबेपर्यंत' म्हणालो. खिडकीतून वारा येत होता आणि गुडघा केव्हाच थांबला होता. अशी तीन किलोमीटर गेली असतील. घाटमाथा जवळ आला, वर चहाची टपरी दिसू लागली, तिथे चार-सहा माणसे बसलेली दिसली, आणि मी ड्रायव्हरला म्हणालो, "इथेच उतरतो."

तो म्हणाला, "वर थांबणारच आहे की मी. चहा घेऊ."

"नको, इथेच बरे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मग हसून गाडी थांबविली, सायकल उतरवून दिली आणि पुढे गेला. उरलेला दोनेकशे पावलांचा चढ मी सीटवर बसून, दात-ओठ खात चढलो. टपरीवरच्या माणसांनी ते पाहिले. एकाने विचारले, "कुठून?" मी म्हणालो, "रेवसहून. समुद्राकडून." "घाट चढून आलात?" मी मान हलविली. त्यांनी बाकावर जागा करून दिली. माझा ड्रायव्हर तिथेच बशीतून चहा पीत बसला होता. त्याने हात थोडासा वर केला. मी त्याला ओळखत नसल्यासारखे केले. तो काही बोलला नाही. चहा संपवून, पैसे देऊन, निघून गेला.

पुढचा प्रवास मी नियमाने केला. हेळवाक, कोयनानगर, पाटण, कऱ्हाड, आणि मग पूर्वेकडे पंढरपूर. चंद्रभागेच्या वाळवंटात चाक टेकविले तेव्हा आनंद व्हावयास हवा होता. मी नुसता घाट धुवून निघालेल्या माणसांकडे पाहत बसलो.

सुट्टी संपली आणि शाळेत माझा सत्कार झाला. मी कोणालाही आमंत्रण दिले नव्हते, पण गावात बातमी लपत नाही. शाल, श्रीफळ, हार. मुख्याध्यापक म्हणाले की गुरुजींनी वाहनाला हातही न लावता पाचशे किलोमीटर पार केले, आणि विद्यार्थ्यांनी यापासून जिद्द शिकावी. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यांतल्या कितीतरी मुली रोज वाड्या-वस्त्यांवरून शाळेला सायकलीने येतात. मानव विकास मिशनच्या योजनेतून मिळालेल्या सायकली बाहेर भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. त्या मुली माझ्यासाठी टाळ्या वाजवीत होत्या, आणि मी घाटाचे वर्णन करीत होतो.

मागे दाराशी आबा उभे होते. आबा म्हणजे आमच्याकडे वस्तीवरून दूध घालणारे. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून एकतीस वर्षे ते ही खेप करीत आहेत. सत्कार आटोपल्यावर ते मला म्हणाले, "चांगलं झालं गुरुजी. मीबी चालवतो सायकल. पण सुट्टी काढून चालवावी हे काई सुचलं नाही कधी." त्यांच्या बोलण्यात विष नव्हते. त्यांना खरोखरच गंमत वाटत होती. मला मात्र शाल अंगावर टोचू लागली.

तेव्हापासून मी माझ्या बचावासाठी नाना युक्तिवाद केले. पहिला असा: कर्ज देणारा कर्ज माफ करू शकतो. मी स्वतःला शब्द दिला, तेव्हा देणारा मीच आणि घेणाराही मीच. घेणाऱ्याने देणाऱ्याला मोकळे केले, तर कोणाचे काय बिघडले? हा युक्तिवाद मला काही दिवस फार आवडला. मग ध्यानात आले की माफ करणारा सावकार ते उघड बोलून दाखवितो, वही पुढे ओढून रेघ मारतो. मी रेघ मारली नव्हती. 'पुढच्या वळणापर्यंत' म्हणत म्हणत वहीचे पान हळूच फाडले होते. खरेच माफ केले असते तर टपरीच्या अलीकडे उतरण्याचे कारण काय होते?

महाभारतात एक प्रसंग आहे. ज्या सत्यवतीसाठी भीष्मांनी ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली, तिचे दोन्ही मुलगे निपुत्रिक वारले, तेव्हा तिनेच भीष्मांना प्रतिज्ञा सोडण्याची विनवणी केली. जिच्यासाठी शब्द दिला तीच सोड म्हणते आहे, तरी भीष्म बधले नाहीत. लहानपणी मला हे फार थोर वाटे. आता वाटते की तोपर्यंत ती प्रतिज्ञा सत्यवतीची राहिलीच नव्हती. ती भीष्मांची स्वतःची झाली होती, आणि स्वतःशी केलेली प्रतिज्ञा सोडवून देणारा बाहेर कोणी नसतो. पण भीष्म म्हणजे मी नव्हे, आणि कुंभार्ली घाट म्हणजे हस्तिनापूरचे सिंहासन नव्हे. एका मध्यमवयीन मास्तराच्या गुडघ्यासाठी एवढे मोठे नाव वापरले याबद्दल क्षमा असावी.

दुसरा आधार मला थेट युरोपातून मिळाला. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी होता. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो लिहीत असे. १८८७ साली त्याने सायकलींचे एक मासिक काढले, आणि १९३० साली मरेपर्यंत सायकलीने डोंगर चढण्याचा ध्यास सोडला नाही. ईस्टरच्या सुट्टीत तो प्रोव्हान्सकडे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूला उतरत असे. तो किनाराही आपल्या कोकणासारखाच, समुद्रापासून हाकेवर डोंगर उभे असलेला. तिकडे इटलीत १९०७ साली सुरू झालेली मिलान ते सान रेमो ही शर्यत तुर्किनोची खिंड ओलांडून समुद्रावर उतरते आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने, एकेक टेकाड चढत-उतरत जाते. व्हेलोसिओचे म्हणणे असे की चढासाठी सायकलीला गिअर हवेत. उगाच हाडे मोडून घेण्यात पुरुषार्थ नाही. याच्या उलट, १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या हेन्री देग्रांजचे मत पडले की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. विजय यंत्राचा नव्हे, स्नायूंचा झाला पाहिजे. त्या शर्यतीत गिअर बदलण्याच्या नव्या यंत्राला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले.

माझी पंचेचाळिशी जवळ आलेली असल्यामुळे मी अर्थातच व्हेलोसिओच्या बाजूचा झालो. पण त्या दोघांच्या वादात एक गोष्ट मला दिसली. दोघेही आपापला नियम छापून, चारचौघांत सांगत होते. गिअरने चढणारा गिअरने चढलो असे म्हणत होता. आणि व्हेलोसिओने सायकलस्वारांना दिलेल्या उपदेशांत एक असाही आहे की केवळ अहंकारापोटी कधी पायडल मारू नये. टपरीपुढचा तो दोनशे पावलांचा चढ मी कशापोटी चढलो होतो, हे मला पक्के ठाऊक होते.

मग तिसराच विचार आला, आणि तो सर्वांत अवघड निघाला. आमच्या भाषेत उपवासी आणि उपाशी असे दोन शब्द आहेत. पोट दोघांचेही रिकामे. पण एकाला संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आहे, आणि दुसऱ्याला ती संध्याकाळच माहीत नाही. माझे कष्ट उपवासाचे होते. खिशात पैसे होते, घरी फोन करता येत होता, कंटाळलो असतो तर कोणत्याही नाक्यावर एस.टी.च्या टपावर सायकल टाकता आली असती. ज्या गावात मी राहतो त्याच गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात, कर्ज फिटत नाही म्हणून आमचे अवयव विकत घ्या, असे सरकारला सांगितले होते. ती बातमी देशभर गेली. त्या गावच्या माणसाने हौसेने दमून यावे, दमल्याबद्दल शाल घ्यावी, आणि ते दमणेही पुरते खरे नसावे!

म्हणून काय हौसेचे कष्ट करूच नयेत? इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. सावित्रीची खाडी मी मोटारीच्या काचेतून पाहिली असती तर ती मला कळली नसती, हे मी शपथेवर सांगेन. परवा वर्गात नद्यांचा धडा आला तेव्हा माझा आवाज निराळा लागला, आणि हे मुलांनाही जाणवले. मागच्या बाकावरचा एक पोरगा विचारू लागला की खाडीचे पाणी खारट कुठून सुरू होते. इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तेव्हा ते कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही. उपाशी माणसाची आठवण ठेवून उपवास सोडून द्यावा, की उपवास करून त्याची भूक थोडी तरी ओळखावी, याचा निकाल माझ्याच्याने लागत नाही. एवढे मात्र दिसते की उपवासी माणसाने उपाशी असल्याची बतावणी केली की दोन्ही गोष्टी नासतात.

यंदा आषाढीच्या आधी शेगावची पालखी नेहमीप्रमाणे आमच्या तालुक्यातून गेली. मी सेनगावला दर्शनाला गेलो होतो. पालखीबरोबरच्या एका ट्रकमधून एक म्हातारी उतरत होती. तिला हात दिला. ती आपण होऊनच म्हणाली, "पाय सुजले बाबा, म्हून दोन कोस बसले. आता चालते." आणि टाळ वाजवीत चालू लागली. तिने ते सांगितले तेव्हा आजूबाजूला दहा माणसे होती. कोणी वळूनही पाहिले नाही. तिला ज्याच्याकडे जायचे होते तो दोन कोसांचा हिशोब मागणार नव्हता, आणि बाकीच्यांना हिशोब द्यायचे तिला कारणच नव्हते.

त्या संध्याकाळी मी आबांना गाठले. ते पारावर बसून चेनला तेल घालीत होते. मी त्यांना सारे सांगितले. टेम्पो, तीन किलोमीटर, टपरीच्या अलीकडे उतरणे, शाल. शाल तुम्हीच घ्या, असेही म्हणालो. हे वाक्य मी घरून ठरवून आणले होते.

आबा हसू लागले. "शाल घिऊन मी काय करू? दूध झाकू? आन् टेम्पो भेटला तर कोन सोडतंय गुरुजी? मला तर एकतीस वर्सांत धा-बारा येळाच भेटला. त्या दिवशी घरी जाऊन सांगायचो, आज नशीब जोरावर व्हतं म्हून."

मी म्हणालो, "पण मी ठरविले होते ना, बसायचे नाही म्हणून."

"ठरवलं व्हतं तर बसायचं नाही. बसलो तर बसलो म्हनायचं." त्यांनी पायडल उलटे फिरवून चेन पाहिली. मला वाटले, विषय संपला. पण ते थोड्या वेळाने म्हणाले, "पैसे किती घेतले त्यानं?"

"काही नाही घेतले."

"सायकल त्यानंच चढवली, उतरवली?"

"त्यानेच."

"आन् वर तुमी मान्सांत बसले तवा तो काईच बोलला नाही?"

"नाही."

आबा माझ्याकडे पाहू लागले. मला वाटते, त्या सबंध हकिकतीत प्रथमच त्यांना काही वाईट वाटले होते.

"मंग गुरुजी, त्याला चहा तरी पाजला का?"

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना घाटातली हकिकत सांगितली. ते म्हणाले, "आता कशाला उकरता?" तरी मी ती मुलांना सांगितली. मुलांना ती फार आवडली. त्यांना टेम्पोचाच भाग पुन्हा ऐकावयाचा होता. एका मुलीने विचारले की ड्रायव्हरचे नाव काय. मला ते माहीत नव्हते. टपरीवरून तो निघून गेला तेव्हा गाडीच्या पाठीमागची पाटी मी पाहिली होती. एम.एच. शून्य आठ, म्हणजे रत्नागिरीकडची. पुढचे आकडे धुळीने भरलेले होते.